घागर आणि बेडशाचा खांब

सौंदर्यशास्त्राच्या तासाला आम्हाला एकदा एक काम मिळाले होते. प्रत्येकाने एखादी कलाकृती किंवा रोजच्या वापरातील एखादी घडवलेली वस्तू निवडायची आणि तिच्यावर दोन पाने लिहायची. अट एवढीच, की ‘सुंदर’, ‘मनोहर’, ‘अप्रतिम’ आणि ‘भव्यदिव्य’ हे चार शब्द कुठेही येता कामा नयेत. वर्गात हशा पिकला; पण लिहायला बसल्यावर अनेकांची पहिली ओळही पुढे सरकेना. हे चार शब्द काढून घेतले तर वस्तूबद्दल बोलायला आपल्याजवळ काय उरते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करतो.

मी राहते बेगडेवाडीला. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले, की देहूरोडनंतरचे आणि घोरावाडीच्या अलीकडचे स्टेशन. आमच्याकडे पाहुणे आले आणि ‘इकडे पाहण्यासारखे काय?’ असे त्यांनी विचारले, की उत्तर ठरलेले असते : मळवलीला उतरा, कार्ले-भाजे पाहा, पायांत बळ असेल तर कामशेतला उतरून बेडसेही करा. आमच्या अगदी दाराशी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या डोंगरावर घोरावडेश्वराची लेणी आहेत, त्यांचे नाव कोणी घेत नाही. ‘तिथे काय, नुसत्या खोल्या!’ महाशिवरात्रीला हाच डोंगर माणसांनी फुलून जातो, तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून वारकरीही तिथे येतात. पण ती दर्शनाची गोष्ट झाली. डोळे भरून पाहायचे म्हटले, की मूर्ती हवी, नक्षी हवी, निदान एखादा हत्ती तरी हवा, अशी आपली समजूत आहे. या समजुतीशी माझे भांडण आहे, आणि ते भांडण मी एका घागरीच्या आधाराने मांडणार आहे.

त्याआधी थोडे शब्दांविषयी. आपण एखाद्या वस्तूला गंभीर म्हणतो, प्रसन्न म्हणतो, एखादीला आक्रस्ताळी म्हणतो. आता दगड काही गंभीर नसतो आणि तांबे काही प्रसन्न नसते. मग हे गुण येतात कुठून? पाहणाऱ्याच्या मनातून येतात म्हणावे, तर एकच खांब पाहून दहा माणसे साधारण एकाच जातीचे शब्द का वापरतात? मला वाटते, हे गुण वस्तूच्या दिसण्यातच असतात. मात्र ते कुठे आहेत ते आपल्याला दाखवता आले पाहिजे. रेषा कुठे वळते, कड धारदार आहे की गोलसर, पृष्ठभाग प्रकाश परतवतो की गिळतो, वस्तू जमिनीवर बसली आहे की नुसती टेकली आहे, यांपैकी कशावर तरी बोट ठेवूनच ‘गंभीर’ म्हणावे. बोट ठेवता आले नाही तर तो शब्द खोडावा. माझ्या दोन पानांतले बरेचसे शब्द या कसोटीवर गळाले.

मी निवडलेली वस्तू म्हणजे आमच्या घरातली तांब्याची घागर. आजीच्या लग्नातली. घरात नळ आल्यापासून ती माळ्यावर पडून होती. दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली आली आणि मोडीत घालून स्टीलचा पिंप आणावा अशी गोष्ट निघाली. आईचे म्हणणे चुकीचे नव्हते. “पाणी भरायला आता कोण नेतंय ती?” दुकानदार घागर काट्यावर ठेवणार आणि तांब्याच्या भावाने पैसे देणार. काट्याला वजन कळते. बाकीचे त्याला कळावे अशी अपेक्षाही नाही. पण ते बाकीचे म्हणजे नेमके काय, हे घरातल्या आम्हा कोणालाच सांगता येईना. मी दोन दिवस मागून घेतले आणि घागर खिडकीत ठेवली.

काठ बाहेर वळलेला. त्याखाली मान एकदम आवळलेली. मानेपासून खांदा जवळजवळ आडवा निघतो आणि मग भरदार पोट. या पोटाचा सर्वांत रुंद भाग बरोबर मध्यावर नाही, थोडा वर आहे. तिथून घागर बुडाकडे आत येत जाते. एवढ्या एका गोष्टीमुळे ती जमिनीवर बसकण मारल्यासारखी दिसत नाही, किंचित उचलल्यासारखी दिसते. हीच रुंदी मध्याच्या खाली असती तर तिला बैठेपण आले असते. शेजारी पाणी तापवायचा हंडा ठेवून पाहिला, की हा फरक लगेच कळतो. हंडा घर धरून बसतो. घागर निघायच्या तयारीत असते.

यावर कोणी म्हणेल, की हा घाट उपयोगातून आला आहे, त्यात कला कसली? काठ बाहेर वळलेला, कारण विहिरीवर दोराचा फास मानेत बसून त्या काठाखाली अडकला पाहिजे. मान आवळलेली, कारण चालताना पाणी हिंदकळून सांडता कामा नये. हे सगळे खरे आहे. पण उपयोगाने घाटाच्या फक्त सीमा ठरतात. त्या सीमांच्या आत वळण किती फुगवायचे आणि खांदा कुठे मोडायचा, हे घडवणारा हात ठरवतो. तसे नसते तर भांड्यांच्या दुकानातल्या सगळ्या घागरी एकसारख्या दिसल्या असत्या.

मग पृष्ठभाग. घागरीच्या अंगावर ठोक्यांच्या बारीक चकत्यांच्या ओळी आहेत. याला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. हे ठोके शोभेसाठी मारले जातात अशी पुष्कळांची कल्पना असते. वास्तविक तापवून मऊ केलेले तांबे ठोकल्याने कठीण होते. पातळ पत्रा दाबाला टिकतो तो या ठोक्यांमुळे. म्हणजे जी आपल्याला नक्षी वाटते ती भांड्याची ताकद आहे. पण डोळ्यांना ती आणखी एक गोष्ट देते. गुळगुळीत भांड्यावर खिडकीचे एकच लांबट प्रतिबिंब पडते आणि नजर तिथे अडकते. मठारलेल्या भांड्यावर तोच उजेड शेकडो ठिपक्यांत विखुरतो आणि नजर गोलाईभोवती फिरत राहते. हल्ली साच्यात दाबून अशाच चकत्या उठवलेली भांडी मिळतात. त्यांतील प्रत्येक चकती दुसरीसारखीच असते. हाताच्या ठोक्यांत ओळ किंचित चढते, किंचित उतरते, सांध्याजवळ ठोके दाटतात. साच्यातल्या भांड्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. पण त्याच्या पृष्ठभागावर कुणाचा वेळ दिसत नाही.

मी हे सारे वहीत उतरवत असताना आजी शेजारी येऊन बसली. तिने घागर हाताने फिरवली, डाव्या अंगाला जिथे ठोके पुसट झाले आहेत तिथे तळहात ठेवला आणि म्हणाली, “ही कमरेला टोचत नाही गं. पत्र्याची कळशी टोचते.” माझ्या दोन पानांत नसलेले वाक्य होते ते. घाट डोळ्यांनी पाहायचा असतो तसा अंगानेही पाहायचा असतो, ही गोष्ट पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते. आईने यावर काही म्हटले नाही. घागर दुकानात गेली नाही एवढे खरे.

आता घागरीवरून खांबाकडे जायचे, तर मध्ये एक पायरी आहे. गोलाई हा एकच आकार. पण तो कसा आला यावर त्याचे बोलणे बदलते. कुंभार चाकावर मडके उभे करतो आणि मग आत गुंडा धरून बाहेरून थापटतो. मडक्याची गोलाई आतून फुगत आल्यासारखी दिसते. तांबट पत्रा बाहेरून ठोकून वळवतो, म्हणून तांब्याच्या घागरीला ताणलेल्या कातड्याचा कसदारपणा येतो. तळेगावला पैसा फंडाच्या काचकारखान्यात, ज्याची सुरुवात १९०८ साली झाली, काच फुंकून वस्तू होत. फुंकलेल्या काचेची गोलाई म्हणजे अक्षरशः श्वासाचा आकार. आणि दगडात? दगडात काही फुगवता येत नाही, वळवता येत नाही. भोवतीचा दगड काढून टाकायचा आणि गोलाई शिल्लक ठेवायची. डोंगरातून जे उरते ती घागर.

अशा घागरी मावळात दोन हजार वर्षांपासून आहेत. बेडशाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत त्या खांबांच्या तळाशी कोरल्या आहेत. हे लेणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानतात. ओसरीत चार प्रचंड खांब आहेत; मधले दोन मोकळे आणि कडेचे दोन भिंतीला लागून. पायऱ्या-पायऱ्यांच्या बैठकीवर घट, घटातून वर निघालेला अष्टकोनी खांब, त्यावर उलट्या कमळासारखी घंटाकृती, तिच्यावर पुन्हा चढत्या चौकोनी थरांची रचना, आणि अगदी वर घोडे, हत्ती, बैल व त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. पुस्तकांतून छायाचित्रे येतात ती बहुधा या जोडप्यांची. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण तिथे उभे राहून मला सर्वांत जास्त वेळ खालच्या घटाने खिळवून ठेवले.

असे पाहा. खांब अष्टकोनी आहे, त्याला कडा आहेत. सकाळचे ऊन पूर्वेकडून आत आले, की एक पैलू उजळतो, दुसरा मावळतो, आणि उभ्या रेषा सरळ वर धावतात. खाली मात्र एकही कड नाही. तिथे उजेड आणि सावली एकमेकांत विरघळतात. वरच्या सगळ्या धावत्या उभेपणाला खाली हा मऊ, फुगीर आकार अडवतो, आणि वरचे ओझे दाबल्यामुळेच तो फुगला आहे असा भास होतो. ग्रीसमधल्या पार्थेनॉनचे खांब मध्ये किंचित फुगीर ठेवलेले आहेत. तिथेही भार पेलण्याचा ताण डोळ्यांना जाणवतो. ग्रीकांनी जे खांबाच्या अंगात लपवले ते आपल्याकडच्या कारागिराने उघडपणे एका घागरीत आणून ठेवले.

गंमत अशी, की लेण्यातल्या खांबावर घरातल्या खांबासारखा भार नसतो. छत म्हणजे मूळचा डोंगरच. खांब तुटून गेले आणि छत जागच्या जागी राहिले, अशी उदाहरणे महाराष्ट्रातल्या लेण्यांत पुष्कळ आहेत. म्हणजे बेडशाचा घट जे ओझे ‘पेलतो’ ते बव्हंशी दिसण्यातले ओझे आहे. लाकडी खांबांना ओल आणि वाळवी लागू नये म्हणून ते मडक्यात रोवीत, त्याची ही आठवण असे काही अभ्यासक सांगतात. काही जण यात मंगल पूर्णकुंभ पाहतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला माझी हरकत नाही. पण ती कारणे ठाऊक नसणाऱ्यालाही खांबाचे वजन जाणवते, आणि ते जाणवते ते घटाच्या फुगीरपणामुळे. इथे बोट ठेवता येते.

आणखी एक गोष्ट छायाचित्रात कधीच येत नाही. बेडशाच्या चैत्यासमोर डोंगराचा भाग तसाच राखलेला आहे आणि आत जायला अरुंद वाट आहे. त्यामुळे मागे सरून संपूर्ण खांब एका नजरेत घ्यायला जागाच मिळत नाही. मान वर करावी लागते. उंची मोजून वाटते त्यापेक्षा मानेतून अधिक कळते. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या मुलाने, पुष्यणकाने, इथे दान दिल्याचा लेख आहे. त्याने ही वाट ठरवली की कोरणाऱ्यांनी, हे आता कोण सांगणार? परिणाम मात्र आजही घडतो.

उपयोग संपल्यावर आकार काय करतो, याचे भाज्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. भाज्याच्या चैत्यातले सत्तावीस खांब अगदी साधे, अष्टकोनी. ना घट ना कळस. पण ते आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा बाहेर जातो, म्हणून खांब आत कलते ठेवीत. दगडात त्याची काहीएक गरज नव्हती. तरीही त्या कलामुळे संपूर्ण दालन ओंजळीसारखे मिटत आलेले भासते, आणि मध्ये स्तूप. खांब सरळ असते तर ते एक चांगले सभागृह झाले असते.

कार्ल्याला हाच विचार मोठ्या प्रमाणावर आहे. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची सुमारे ४५ फूट. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, तळाशी घट, माथ्यावर हत्ती आणि जोडपी. पण स्तूपाच्या मागच्या अर्धवर्तुळातले सात खांब बघायला विसरू नये. ते पूर्ण साधे आहेत. घटही नाही आणि मूर्तीही नाहीत. मागे कुणाची नजर जात नाही म्हणून खर्च वाचवला असेल, असे म्हणता येईल. शक्य आहे. पण समोरच्या मोठ्या कमानीतून आलेला उजेड स्तूपावर पडतो तेव्हा त्याच्या मागे नजर खेचणारे काहीही नसणे, हे डोळ्यांना फार मोलाचे आहे. ही बाजू दोन्ही ओळींसारखीच भरगच्च असती तर स्तूप त्या गर्दीत हरवला असता. साधेपणा म्हणजे काहीतरी कमी असणे, असे मानणाऱ्यांनी या सात खांबांपाशी थोडे थांबावे.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची तीन तत्त्वे मांडली : संवाद, विरोध आणि समतोल. परीक्षेपुरती ती आपण सगळेच पाठ करतो. कार्ल्यात ती पायी फिरून अनुभवता येतात. पंधरा खांबांचा संवाद, सात खांबांचा विरोध, आणि दोहोंच्या मध्ये स्तूपाने साधलेला तोल. पण घागरीपाशी आले की माझी मर्ढेकरांवरची श्रद्धा थोडी डळमळते. आजीच्या ‘टोचत नाही’चे त्या लयतत्त्वांत काय करायचे? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले आणि आपली सौंदर्यविषयक भाषा या दोहोंमध्ये वावरते असे प्रतिपादन केले. माझ्यासारखीला ते सोयीचे वाटते. बेडशाचा खांब एका ध्रुवाजवळ ठेवता येईल, घागर दुसऱ्या. पण दोन्हींच्या पोटाचे वळण एकच आहे, त्याचे काय, हेही कोणी सांगावे.

आता घरच्या लेण्याकडे. घोरावडेश्वराच्या मुख्य लेण्यात सपाट छताचे दालन आहे, कडेला खोल्या आहेत आणि आज तिथे शिवलिंगाची पूजा होते. शिल्प नाही. एका लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगर चालवणाऱ्या कुटुंबिकाची, म्हणजे शेतकरी गृहस्थाची, बायको सियगुतणिका हिने नंद नावाच्या मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. धेनुकाकटाचे नाव कार्ल्याच्या खांबांवरही पुन्हा पुन्हा येते. तिथे व्यापारी आहेत, यवन आहेत. इथे शेतकऱ्याची बायको.

हे वाचले, की मन हलते. माझे तर हललेच. मावळातल्या मुलीला आणखी काय हवे? पण इथे विश्लेषणाने कठोर व्हायला पाहिजे. लेख वाचून जे वाटते ते आपल्या माहितीमुळे वाटते. दगडाच्या दिसण्याने नव्हे. ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत तर आपण जिथे तिथे दात्यांची नावे वाचून गहिवरत राहू आणि समोरची भिंत पाहणार नाही. म्हणून मी एकदा लेख बाजूला ठेवून नुसते लेणे पाहायला गेले, दुपारच्या वेळी, गर्दी नसताना. बाहेर मावळातले डोळे दिपवणारे ऊन. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग सपाट छताची आडवी रेषा दिसते आणि तिच्याखाली खोल्यांची काळी दारे. कार्ल्यात नजर वर जाते, इथे ती आडवी पसरते. छत चढत नाही, कमान नाही, म्हणून आवाजही आपोआप खाली येतो. मोजमाप माणसाच्या देहाचे आहे. दार पाहून आपण नकळत खांदे आवरतो. ‘नुसत्या खोल्या’ हे वर्णन खरे तर अचूक आहे. फक्त ते तुच्छतेने उच्चारायची सवय सुटायला हवी.

माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप असा, की अशी चिरफाड केली की आनंद जातो. मला तसा अनुभव नाही, पण वाद घालण्यापेक्षा एक प्रयोग सांगते. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दारांच्या मधल्या जागेत जोडप्यांची मोठी शिल्पे आहेत, चैत्य कोरला त्या काळातली. त्यांच्या आसपास बुद्धमूर्तींची पटले आहेत. ती काही शतकांनी, महायान काळात, उरलेल्या जागेत कोरलेली. जोडप्यांची शरीरे भरदार आहेत, चौकटीत मावत नसल्यासारखी पुढे रेटतात. नंतरच्या मूर्ती उथळ कोरलेल्या आहेत, भिंतीत परत जातात. आमच्या वर्गाची सहल गेली तेव्हा कुठलीही माहिती न वाचता ही दोन कामे वेगळी काढायची, असा खेळ आम्ही सात-आठ जणी खेळलो. बहुतेकींनी बरोबर ओळखले. ‘कशावरून?’ असे विचारल्यावर एकीने खांद्यांवर बोट ठेवले, दुसरीने चौकटीच्या कडेच्या सावलीवर, तिसरीने पायांवर, आणि आक्षेप घेणारी ती मैत्रीण पोटाच्या वळणावर बोट ठेवून म्हणाली, “हे बघ ना, ही तुझी घागर.”